वाडीची मावशी

गणपतराव इंगवले वकील उलटतपासाला उभे राहिले की कोर्टाबाहेरच्या चहावाल्यालासुद्धा कळायचं. आवाजच तसा होता. कोल्हापूरच्या कोर्टात त्यांनी उभा जन्म आरोपींची वकिली करण्यात घालवला. साक्षीदाराच्या तोंडून हवं ते काढून घेण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं ते स्वतः सांगत. इतरही सांगत, पण जरा कमी.

साठीनंतर त्यांनी काम आवरतं घेतलं होतं. तेवढ्यात पुण्याच्या एका संस्थेचा फोन आला. फाशीची शिक्षा झालेल्या गरीब माणसांचे खटले ही संस्था फुकट लढवायची. राधानगरीकडच्या धैर्यशील नावाच्या पोराची फाशी कायम करायची की नाही, हे हायकोर्टात ठरायचं होतं. हायकोर्ट आता कोल्हापुरातच बसत असल्यामुळं संस्थेला इथला एखादा जाणता वकील हवा होता. घरात बसून बायकोच्या भाजीत मीठ शोधण्यापेक्षा हे बरं, असं म्हणून गणपतराव तयार झाले.

खटला त्यांना ठाऊक होता, जिल्ह्यात कोणाला नव्हता? धैर्यशील ज्या गुऱ्हाळावर कामाला होता, तिथल्या मालकाला, त्याच्या बायकोला आणि म्हाताऱ्या आईला त्यानं भरदिवसा कोयत्यानं मारलं होतं. मारून पळाला नाही, तिथंच गुळाच्या चुलवाणापाशी बसून राहिला. खालच्या कोर्टात त्याच्या वकिलानं 'हा तिथं नव्हताच' असा बचाव घेतला, तो अर्थातच टिकला नाही. आई विठाबाईनं साक्षीत सांगितलं की पोरगा शहाणा आहे, हुशार आहे, त्याला कधी कसला त्रास नव्हता. चांगलं सांगितलं की पोरगा सुटेल, अशी त्या माउलीची समजूत. न्यायाधीशांनी निकालात तेच शब्द उलटे फिरवले. कसलाही त्रास नसलेला शहाणा माणूस तिघांना मारून शांत बसून राहतो, म्हणजे याला पाझर फुटायची आशा नाही, असं म्हणून त्यांनी फाशी दिली.

आता हायकोर्टाच्या हुकमानं डॉक्टरी तपासणीसाठी धैर्यशीलला कळंब्याच्या जेलात आणून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणाले, पोरगा आजारी आहे, त्याला आवाज ऐकू येतात. सरकारी बाजू म्हणाली, हे नाटक तो जेलात शिकला. डॉक्टरांचंही म्हणणं हेच पडलं की गुन्ह्याआधीपासून आजार होता, असं सांगणारं कोणीतरी पाहिजे. तसं माणूस मिळालं तर फाशीची जन्मठेप होण्याची आशा होती. न मिळालं तर गणपतरावांच्या मते सगळं मुसळ केरात होतं.

तसं माणूस शोधायला संस्थेनं मैथिलीला पाठवलं. राजारामपुरीतल्या मास्तरांची लेक, तिशीची, आणि वकील नव्हेच. ज्याला फाशी झाली त्याचं आयुष्य जन्मापासून समजून घ्यायचं आणि कोर्टापुढं ठेवायचं, हे तिचं काम. गणपतरावांनी ते ऐकून घेतलं आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"म्हणजे आरोपीचं चरित्र लिहायचं म्हण की," ते म्हणाले.

"लिहायचं नंतर, काका. आधी ऐकायचं."

पहिल्याच खेपेला गणपतरावांनी ऐकण्याचा बट्ट्याबोळ केला. विठाबाईच्या घरी घोंगड्यावर बसले, पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि सुरूच झाले. "विठाबाई, पोरगं लहानपणी विचित्र वागायचं का? व्हय का न्हाय तेवढं सांगा. दवाखान्यात नेलंतं? कुठल्या?" बाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाली, "कोर्टात सांगितलंय की सगळं." मग ती जी गोठ्यात गेली, ती गाडी वळेपर्यंत बाहेर आली नाही.

परतताना मैथिली म्हणाली, "काका, रागावू नका. पुढच्या वेळी तुम्ही गाडीतच बसा."

भल्याभल्या फौजदारांना घाम फोडणारा हा माणूस त्यानंतर खरोखर गाडीत बसू लागला. म्हणजे आधी तणतणला, 'काल आलेली पोर मला शिकवणार' असं बायकोपाशी बोलला, आणि मग मुकाट्यानं बसला. गाडी झाडाखाली लावायची, पेपर वाचायचा, भडंग खायचं आणि लांबून बघायचं. मैथिली गोठ्याच्या दाराशी बसलेली असायची. तिच्या हातात वही नसायची, फोन पिशवीत असायचा. विठाबाई म्हशी पिळायची, शेणघाण काढायची, आणि ही पोरगी तिच्याशी काय बोलायची देव जाणे.

"काय मिळालं?" ती गाडीत बसली की गणपतराव विचारायचे.

"मोठ्या म्हशीला रेडी झाली."

"अगं, तारीख जवळ आलीय."

"ठाऊक आहे, काका."

दर खेपेला येताना एक गोष्ट मात्र ती न चुकता करायची. बंद पडलेल्या त्या गुऱ्हाळापाशी गाडी थांबवायला सांगायची, खाली उतरून थोडा वेळ उभी राहायची. एकदा गणपतरावांनी विचारलं, हे कशापायी? तिनं मेलेल्या तिघांची नावं घेतली, म्हातारीचं माहेरचं गावसुद्धा सांगितलं. "यांना विसरून मला धैर्यशीलचं काम करता यायचं नाही," ती म्हणाली. गणपतरावांनी त्या दिवशी भडंगाची पुडी तशीच गुंडाळून ठेवली. इतके खटले लढले, पण मयताचं नाव त्यांना कागदाबाहेर कधी लागलंच नव्हतं. पोरीबद्दल त्यांना पहिल्यांदा आदर वाटला, आणि तो वाटला हे त्यांनी अर्थातच तिला कळू दिलं नाही.

जेलातही तिची तीच रीत. धैर्यशीलला ती गुन्ह्याचं विचारायचीच नाही. म्हशींची खबर द्यायची, शिवारात भात कसं आहे ते सांगायची. कधी तो बोलायचा, कधी भिंतीकडं तोंड करून कोणाला तरी दबक्या आवाजात उत्तरं देत राहायचा. आणि एके दिवशी, रेडीची गोष्ट ऐकता ऐकता तो आपणहून म्हणाला, "वाडीला बी म्हस हुती. मावशीनं न्हेलतं मला वाडीला. लई दिस हुतो तितं."

वाडी म्हणजे नृसिंहवाडी. दत्ताची जागा. ज्याच्या अंगात काही 'बाहेरचं' आहे असं घरच्यांना वाटतं, त्याला तिथं सेवेला नेऊन ठेवतात, हे आपल्याकडं पोरंसोरंसुद्धा जाणतात. मैथिलीनं बाहेर येऊन हे सांगितलं, तसे गणपतराव गाडीतल्या गाडीत ताठ बसले. "गाठ त्या मावशीला," ते म्हणाले. "हीच आपली साक्षीदार."

मैथिली गारगोटीला गेली. धैर्यशीलची धाकटी बहीण अनुजा तिथल्या शाळेत शिकवायची. अनुजाला काही उमजेना. "मावशी? आम्हाला मावशीच न्हाय. आईला नुसते भाऊ हायत," ती म्हणाली. "दादा दहावीनंतर सांगलीकडं कामाला गेलता थोडे दिवस, तवा मला मामाकडं ठेवलं हुतं, एवढं आठवतंय मला. वाडीचं काय मी ऐकलं न्हाय."

आता दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं की पोरगं आजारी आहे, त्याच्या बोलण्याला काय धरायचं. गणपतराव तसं म्हणालेच. मैथिलीनं मात्र त्याचा शब्द खरा धरला. वाडीला सेवेकऱ्यांना खोल्या देणारी जेवढी घरं होती, तेवढ्या घरांचे उंबरे ती झिजवत राहिली. उन्हातान्हात, धैर्यशीलचा शाळेतला एक जुना फोटो घेऊन. कोणी हाकललं, कोणी चहा दिला. ती पुढच्या दारी जायची. गणपतरावांचे गुडघे दुखायचे म्हणून ते घाटावर बसायचे, आणि बसल्या बसल्या त्यांच्या मनात यायचं की ही मुलगी माझ्या ऑफिसात असती तर मी निम्मे खटले हरलो नसतो.

आणि तिला विमलाताई सापडल्या. नवरा माधवराव वारल्यावर एकट्या राहणाऱ्या, सत्तरीच्या, डोळ्यांनी आणि डोक्यानं लख्ख. फोटो बघताच म्हणाल्या, "अहो, हा तर आमच्या ओसरीवर राहायचा." मैथिलीनं गणपतरावांना बोलावून घेतलं, आणि विमलाताईंनी सगळं सांगितलं. पोरगा जेवणात विष आहे म्हणायचा. भिंतीशी भांडायचा. एकदा नदीत चालत निघाला, तेव्हापासून त्याच्या कमरेला दोर बांधून दोराचं टोक त्याच्याबरोबरच्या बाईनं आपल्या हाताला बांधलं. "मावशी होती हो त्याची. आई नाही पोराला, जन्मतःच गेली, म्हणून मी बघते, असं म्हणायची. मला इतकं भरून यायचं. सख्खी आई करणार नाही इतकं करायची ती."

मैथिलीनं फोन काढला आणि रेडी झाली त्या दिवशी काढलेला, गोठ्याच्या दारातल्या विठाबाईचा फोटो त्यांच्यापुढं धरला. विमलाताईंनी चष्मा वर केला. "हीच," त्या म्हणाल्या. "हीच ती मावशी."

गणपतराव उठून बाहेर ओसरीवर गेले. त्यांना सगळा उलगडा एकदम झाला होता. बाईनं पोटच्या पोराला परक्या गावात भाचा म्हणवलं, स्वतःला मेलेली सांगितलं, पोराकडून मावशी म्हणून घोटून घेतलं. कशासाठी, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. घरात लहान पोरगी होती. भावाला वेड आहे हे कळलं की रक्तात आहे म्हणतात, आणि त्या घरात कोणी सोयरीक करत नाही. शेजारीपाजारी पोरगा सांगलीला कामाला गेलाय असं सांगितलं, घरातल्या पोरीलाही तेच सांगितलं. सेवा झाली, पोरगा जरा निवळला, आणि मायलेक तोंड शिवून घरी आले.

"विमलाताईंची साक्ष घेऊ," मैथिली म्हणाली.

"घेऊ. पण त्यांनी सांगितलेल्या पोराची आई मेलीय. आपल्या पोराची आई जिवंत हाय, आणि तिनं शपथेवर सांगितलंय की त्याला काही नव्हतं. मी समोरच्या बाजूला असतो तर ह्या साक्षीच्या चिंध्या केल्या असत्या. विठाबाईनं स्वतः सांगितलं तरच खरं."

आणि विठाबाई सांगेल कशी? अनुजाचं, तिच्या आनीचं, लग्न ठरलं होतं. गारगोटीच्या हंबीररावांच्या घरात, तेही भाऊ फाशीच्या कोठडीत असताना. हंबीरराव बैठकीत म्हणाले होते, "खून काय, रागाच्या भरात माणसाच्या हातनं व्हतो. पोरीचा काय दोष? फकस्त घराण्यात येडबीड न्हाय ना, तेवढं सांगा." विठाबाईनं भरल्या बैठकीत दत्ताची शपथ घेऊन नाही म्हणून सांगितलं होतं. खून चालतो पण वेड चालत नाही, असा हा आपला समाज, आणि त्यात राहायचं तर तिनं दुसरं काय करावं?

मैथिलीनं तिला वाडीला जाऊन आल्याचं सांगितलं, तेव्हा गणपतराव गाडीतून बघत होते. विठाबाई धार काढत होती. तिचे हात थांबले. मग ती काहीतरी बोलली आणि परत धार काढू लागली. मैथिली गाडीत येऊन बसली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, एक लेकरू तर गेलंच, दुसऱ्याचं वाटोळं कशाला करू."

गणपतरावांचा पारा चढला. "मग मी जातो अनुजाकडं. शिकलेली पोर हाय, तिला सांगतो, आईला कोर्टात उभी कर."

"नाही जायचं, काका." मैथिलीचा आवाज चढला नाही, पण हात गाडीच्या किल्लीवर होता. "अनुजाला काय सांगायचं आणि केव्हा, हे तिच्या आईनं ठरवायचं. मी ते तिच्याकडून हिसकावून घेणार नाही."

"आणि पोरगं फासावर गेलं तर?"

खिडकीकडं तोंड करून ती रडत होती, हे गणपतरावांना थोड्या वेळानं कळलं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की ह्या पोरीला घाई कशी ती नाहीच. त्यांनी गुमान गाडी सुरू केली.

तारखेच्या आदल्या आठवड्यात मैथिलीनं विठाबाईला एवढंच विचारलं की पोराला भेटायला येता का. भेटून काही बोलायचं नाही, काही सही करायची नाही, नुसतं बघून यायचं. विठाबाई आली. इरकली नेसून, तूप घालून केलेल्या पोळ्या फडक्यात बांधून. पोळ्या जेलच्या दारातच ठेवून घेतल्या.

वकिलांच्या भेटीची खोली लहान होती. एक टेबल, चार खुर्च्या, दारात शिपाई. धैर्यशीलला आणलं. विठाबाईनं त्याचा हात धरला आणि त्याच्या तळव्यावरून अंगठा फिरवत राहिली. त्यानं म्हशींची नावं घेऊन एकेकीची चौकशी केली, तिनं एकेकीचं सांगितलं. गणपतराव भिंतीला टेकून उभे होते. मैथिलीनं त्यांना बजावलं होतं की काही विचारायचं नाही, आणि त्यांनाही काही विचारायचं नव्हतं. पण आपल्यालाही ह्या पोराला काहीतरी चांगलं सांगता यावं, असं त्यांना फार वाटलं.

"धैर्यशील," ते हळूच म्हणाले. एवढ्या हळू आवाजात ते कधी कोणाशी बोलले नव्हते. "वाडीच्या विमलाताईंनी तुझी आठवण काढलीय बघ."

धैर्यशीलनं हात काढून घेतला. दारातल्या शिपायाकडं बघितलं, गणपतरावांकडं बघितलं. मग खुर्चीत नीट सावरून बसला आणि आईकडं वळून, परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं म्हणाला, "मावशी, तुमी लांबनं आलाय. च्या झाला का?"

विठाबाईनं त्याच्याकडं हात पुढं केला. मग ती म्हणाली, "आई म्हण की रं बाळा."

त्यानं मान हलवली. टेबलावर पुढं वाकला आणि कुजबुजला. त्याला वाटलं असेल की तिलाच ऐकू जाईल, पण खोली एवढीशी होती. "लोकं हायत हितं. आनीचं लगीन व्हऊ दे आधी."

मैथिलीनं तोंडावर हात दाबून धरला. गणपतरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. दारात मरण उभं असलेला तो पोरगा, ज्याचं डोकं ठिकाणावर नाही असं सगळे डॉक्टर सांगत होते, आईनं शिकवलेलं खोटं एवढी वर्षं जपून होता. तिनं कधीतरी त्याला सांगितलं असेल की तुझ्या बहिणीसाठी हे करायचं. जगातलं बाकी सगळं त्याच्या डोक्यातून निसटलं होतं, एवढं मात्र त्यानं धरून ठेवलं होतं. आणि त्याच्याबद्दल कोर्टाच्या कागदावर लिहिलं होतं की याला पाझर फुटत नाही.

विठाबाई उठली. डोक्यावरचा पदर तिनं मागं टाकला आणि सरळ दारातल्या शिपायापुढं जाऊन उभी राहिली.

"ओ दादा, मी मावशी न्हवं ह्याची. आई हाय. म्या ह्याला प्वाटात वागवलंय." तिचा आवाज बाहेरच्या बोळात घुमला. "ह्याच्या डोस्क्यात लई वर्सं बिघाड हाय, आन म्या ते झाकलं. वकीलसाहेब, लिवून घ्या. आनीला मी सांगतो. हंबीररावाच्या सोप्यात जाऊन त्येला बी मीच सांगतो. करायचं तर करू दे लगीन, न्हायतर ऱ्हाऊ दे."

शिपाई गोंधळून गणपतरावांकडं बघायला लागला. धैर्यशील खुर्चीतून अर्धा उठला होता. त्याचा चेहरा भीतीनं पांढरा पडला होता.

"आये, हळू बोल," तो म्हणाला. "ऐकत्यात सगळी."

"ऐकू देत," विठाबाई म्हणाली. तिनं परत येऊन त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि पहिल्यापासून सांगायला लागली.